पोळ्यातले सप्लिमेंट तोंडात टाकण्याआधी

मधमाशीपासून मिळणाऱ्या आहारपूरकांविषयी बोलताना लोक बहुधा ‘याचा फायदा काय?’ असे विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. ‘घेणारा कोण?’ हे आधी विचारले पाहिजे, कारण ज्या चमचाभर परागाने एका माणसाला काहीच होत नाही, त्याच परागाने दुसऱ्याचा घसा काही मिनिटांत आवळू शकतो. म्हणून पुढील सूचनांमध्ये फायद्यांपेक्षा घेणाऱ्याच्या प्रकृतीला आणि त्याच्या चालू औषधांना अधिक जागा दिली आहे.

बाटलीवर ‘पोळ्यातील शुद्ध अर्क’ असे काहीतरी मोघम लिहिलेले असेल, तर आत नेमके काय आहे ते आधी शोधावे. मध म्हणजे मुख्यत्वे फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या साखरा आणि सुमारे १७ ते २० टक्के पाणी. पराग म्हणजे फुलांचे परागकण, माशीने मकरंद आणि लाळ मिसळून बांधलेल्या बारीक गोळ्यांच्या रूपात. प्रोपोलिस हा झाडांच्या कळ्या व साली यांवरून गोळा केलेला चिकट राळेसारखा पदार्थ असून माशा त्याने पोळ्याच्या फटी लिंपतात. रॉयल जेली हा तरुण कामकरी माशांच्या डोक्यातील ग्रंथींचा स्राव आहे. या चार पदार्थांचे घटक वेगळे आणि धोकेही वेगळे, तेव्हा एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नये. अनेक घटक एकत्र केलेली कॅप्सूल मी टाळावी असेच म्हणेन, कारण त्रास झालाच तर तो कशाने झाला हे कळायला मार्ग उरत नाही.

आता घेणाऱ्याकडे वळू. दमा, ऋतूनुसार होणारी सर्दी-शिंका, इसब किंवा अन्नाची ॲलर्जी असलेल्याने पराग आणि रॉयल जेली स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रॉयल जेलीमुळे दम्याचे तीव्र झटके आणि क्वचित मृत्यूही झाल्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये या पदार्थाच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तोही विशेषतः दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना उद्देशून. परागाच्या बाबतीत सूर्यफूल व शेवंती यांच्या कुळातील वनस्पतींची ॲलर्जी असलेल्यांनी अधिक सावध राहावे. माशीच्या डंखाची ॲलर्जी आणि परागाची ॲलर्जी या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डंखाने काही होत नाही म्हणून पराग निर्धोक, असा निष्कर्ष काढता येत नाही.

एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, बोटाला लावून चाटवूही नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या अपरिपक्व आतड्यात रुजून विष तयार करतात आणि घरगुती उकळण्याने ते मरत नाहीत. पोळ्यातील इतर पदार्थही या वयात दूरच ठेवावेत. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी आहारातील मध चालतो, मात्र पराग, प्रोपोलिस आणि रॉयल जेली यांच्या सुरक्षिततेचा पुरेसा अभ्यास झालेला नसल्याने ती सप्लिमेंट म्हणून घेऊ नयेत.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर तो स्वतंत्र विषय आहे. रॉयल जेली सुरू केल्यावर लघवीतून रक्त गेल्याचे आणि पराग सुरू केल्यावर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा चाचणीतील आकडा) वाढल्याचे रुग्ण वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. अशी प्रकरणे थोडी असली, तरी जी गोळी रक्ताच्या चाचण्या करत तोलून-मापून द्यावी लागते, तिच्यासोबत प्रयोग करण्यात शहाणपण नाही. मधुमेहींपुढे उलटसुलट पेच असतो: मधाने साखर वाढते, तर प्रोपोलिसने ती किंचित कमी होत असल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे, म्हणजे औषधाचा डोस तोच ठेवून दोन्हींपैकी काहीही सुरू केले तरी आकडे हलू शकतात. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर ही सप्लिमेंट सर्वसाधारणपणे दोन आठवडे आधी बंद करून तसे भूलतज्ज्ञांना सांगावे.

फायद्यांचा हिशेब मात्र लवकर आटोपतो. बऱ्यापैकी आधार आहे तो मधाला, आणि तोही खोकल्यापुरता: एक वर्षावरील मुलांना सर्दीच्या खोकल्यात झोपण्यापूर्वी चमचाभर मध दिल्यास रात्रीचा खोकला थोडा कमी होतो असे चाचण्यांत आढळले आहे. गंमत अशी की कॅप्सूलमध्ये न भरलेला हा एकच पदार्थ सर्वांत बरा ठरतो. अर्थात तीही साखरच आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण १७ ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना मधातील साखरेची गणना मर्यादित ठेवण्याच्या साखरेतच करते. मध खाऊन परागज्वर, म्हणजे हवेतल्या परागांमुळे होणारी सर्दी-शिंका, बरा होतो या समजुतीला भक्कम पुरावा नाही. त्याचे कारणही सरळ आहे: शिंका आणणारे पराग प्रामुख्याने वाऱ्यावर उडणाऱ्या गवतांचे आणि झाडांचे असतात, तर मधात येतात ते मुख्यतः माशा ज्या फुलांवर बसतात त्यांचे.

रॉयल जेलीच्या जाहिरातीचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो. सगळ्याच अळ्यांना पहिले सुमारे तीन दिवस हा स्राव मिळतो, राणी होणाऱ्या अळीला तो पुढेही मिळत राहतो, आणि कामकरी माशी हंगामात काही आठवडेच जगत असताना राणी काही वर्षे जगते. म्हणून माणसानेही तो खावा! अळीच्या वाढीचा नियम माणसाच्या आयुर्मानाला लावण्याची ही उडी फार मोठी आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने रॉयल जेली आणि प्रोपोलिस यांच्याविषयीचे आरोग्यदावे तपासले, तेव्हा त्यांत कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला आढळला नाही.

एवढे वाचूनही ज्याला ॲलर्जीचा इतिहास नाही, औषधे चालू नाहीत आणि पराग घेऊन पाहायचाच आहे, त्याने आधी चमचाभर गोळ्या पांढऱ्या बशीत पसरून नीट पाहाव्यात. पिवळ्या, नारिंगी, करड्या, एखादी जवळजवळ काळी, असे रंग दिसतील. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, त्यामुळे रंग वेगळा म्हणजे बहुतेक वेळा वनस्पतीही वेगळी. यातूनच एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते: मागची बाटली सोसली म्हणून पुढची सोसेलच असे नाही, कारण हंगाम बदलला की बशीतले रंग बदलतात. गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतील, त्यांवर पांढुरकी-हिरवट बुरशीची लव दिसत असेल किंवा कुबट वास येत असेल, तर बाटली टाकून द्यावी. काही वनस्पतींच्या परागात यकृताला घातक असे पायरोलिझिडिन अल्कलॉइड असतात. युरोपीय संघाने परागाच्या सप्लिमेंटसाठी त्यांची मर्यादा किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम अशी ठरवली आहे. म्हणून ज्या उत्पादकाकडे प्रयोगशाळेचा तपासणी-अहवाल मागता येतो, त्याचाच माल घ्यावा.

सुरुवात दोन-चार दाण्यांनी करावी, सकाळी, घरात दुसरे कोणी असताना. त्या दिवशी धावणे किंवा जोराचा व्यायाम टाळावा, कारण पराग खाल्ल्यानंतर व्यायाम केल्यावर ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी तीव्र ॲलर्जी, झाल्याची उदाहरणे आहेत. काहीच त्रास झाला नाही तर काही दिवसांच्या अंतराने प्रमाण हळूहळू वाढवावे, त्याच काळात दुसरे नवे औषध किंवा सप्लिमेंट सुरू करू नये, आणि तारीख, प्रमाण व लक्षणे वहीत लिहून ठेवावीत. थोड्या प्रमाणापासून सुरुवात करणे ही ॲलर्जीची चाचणी नव्हे, हे मात्र विसरू नये. दमा असलेल्या माणसाला दोन दाणेही पुरेसे होऊ शकतात.

प्रोपोलिस बहुधा त्वचेवर आणि तोंडात त्रास देतो. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या हातांवर त्यामुळे पुरळ उठते ही जुनी, परिचित तक्रार आहे. त्याची फवारणी किंवा लोझेंजेस (चघळायच्या गोळ्या) वापरताना ओठांभोवती खाज, जिभेवर आग किंवा तोंडात फोड जाणवल्यास लगेच थांबावे. त्याचे थेंब पुष्कळदा अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात, तेव्हा मुलांसाठी किंवा मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी घेताना लेबल पाहावे. मधमाशीच्या विषाची इंजेक्शने किंवा मुद्दाम डंख देण्याचे उपचार हा सप्लिमेंटचा भागच नव्हे. स्पेनमध्ये अशा उपचारानंतर एका ५५ वर्षांच्या स्त्रीचा मृत्यू झाल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याआधी तिने तोच उपचार दोन वर्षे विनातक्रार घेतला होता.

अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, आवाज बसणे, धाप लागणे, पोटात मुरडा येऊन उलट्या होणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे, यांपैकी काहीही सप्लिमेंट घेतल्यावर मिनिटांत वा तास-दोन तासांत झाले, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. आपत्कालीन सेवेला बोलवावे. डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचे (तीव्र ॲलर्जीवरील तातडीच्या औषधाचे) इंजेक्शन जवळ ठेवायला दिलेले असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस त्वरित टोचावे, रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, आणि धाप लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. लक्षणे ओसरल्यावरही काही तासांनी ती परतू शकतात, म्हणून रुग्णालयात देखरेखीखाली थांबणे आवश्यक आहे. निघताना बाटली सोबत घ्यावी, फेकून देऊ नये. तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि आतले उरलेले दाणे पाहूनच ॲलर्जीतज्ज्ञांना पुढची चाचणी नेमकी कशाची करायची हे ठरवता येते.