कडेची वाळू रोज आत ओढा

रायडिंग स्कूलच्या रिंगणात सगळ्यात आधी खराब होते ती कडेची वाट. मैदान 20 बाय 40 मीटरचं असलं तरी शिकाऊ स्वार कुंपणाला धरूनच घोडा चालवतो. टापांनी वाळू बाहेर फेकली जाते आणि त्या वाटेवर चर पडतो. खालचा टणक थर उघडा पडला की घोड्याच्या सांध्यांना पावलागणिक हादरा बसतो. मुक्या जनावराला सांगता येत नाही, नंतर लंगडताना दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून शेवटचा तास संपला की दाताळ्याने कुंपणालगतची वाळू चरात ओढून घ्या. शिकणाऱ्या मुलांनाही हाताशी घ्या, जमिनीकडे बघायची सवय त्यांना तिथेच लागते. काडी खुपसून चार-पाच ठिकाणी खोली सारखी आहे ना, तेही बघा.

धूळ उडत असेल तर पाणी मारा. मुठीत दाबलेल्या वाळूचा गोळा टिकला, पण पाणी निथळलं नाही, की ओल पुरेशी. लीद मात्र लगेच उचला. ती वाळूत मिसळली की पाण्याचा निचरा बिघडतो.