बिअर्डेड ड्रॅगनची बद्धकोष्ठता: माझा अनुभव

न्यू जर्सीतील थंडीत आमच्या बिअर्डेड ड्रॅगनने, म्हणजे पाळीव सरड्याने, शी करणे थांबवले, पोट टणक लागू लागले आणि आवडते झुरळ समोर धरले तरी तो मान फिरवू लागला. थर्मामीटर लावून पाहिला, तेव्हा शेकण्याच्या दगडावर जेमतेम ३० अंश सेल्सिअस भरले. या प्राण्याच्या अंगाची ऊब बाहेरूनच येत असल्यामुळे अन्न पचण्यासाठी तेथे सुमारे ४० अंश लागतात. ऊब देणारा बल्ब बदलला, त्याच्या घरातली वाळू काढून कागद अंथरला आणि खांद्यापर्यंतच येईल एवढ्या कोमट पाण्यात बसवून त्याच्या पोटावरून शेपटीकडे हलका हात फिरवला. तोंडात तेल सोडण्याचा सल्ला मात्र मी मानला नाही, कारण ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. डॉक्टरांनी एक्स-रे काढून आतड्यात वाळूचा गोळा नसल्याची खात्री केली. मागचे पाय लुळे पडले असते, तर घरगुती उपायांत वेळ घालवण्यात अर्थच नव्हता. अखेर टबातच त्याने काम उरकले आणि ते ओंगळ पाणी पाहून घरात आनंदीआनंद झाला.