गावात वाचन-बैठक कशी चालवावी : निरनिराळ्या समाजांतील लेखकांची पुस्तके एकत्र वाचण्यासाठी

विदर्भातील पुष्कळ गावांत सार्वजनिक वाचनालय असते, त्याला शासनाची सर्वांत खालच्या, म्हणजे ‘ड’ वर्गाची मान्यता असते आणि अनुदानातून दरवर्षी थोडी ग्रंथखरेदीही होते; तरीही दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम आणि पारलिंगी लेखकांची पुस्तके एकतर तेथे पोचत नाहीत, किंवा पोचली तर कपाटातून बाहेर येत नाहीत. ती बाहेर काढून दहा-पंधरा जणांनी मिळून वाचावीत, यासाठी हे लेखन आहे. गावात अशा वाचनाला एक मोठी अडचण येते. पुस्तकात ज्या समाजाचे जगणे आलेले असते, त्याच समाजाचा माणूस शेजारी सतरंजीवर बसलेला असतो, आणि सगळ्यांच्या नजरा आपोआप त्याच्याकडे वळतात. बैठकीची सारी मांडणी या एका गोष्टीचा विचार करून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिला निर्णय जागेचा. पाटलाच्या वाड्यात, देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या खासगी अंगणात बैठक ठेवली, तर कोण येणार आणि कोण येणार नाही हे तेथेच ठरून जाते. बुद्धविहारात ती मोकळेपणाने होऊ शकते, पण तेथे इतर वस्त्यांतील लोक सातत्याने येतील याची खात्री आधी करून घ्यावी. बहुतेक गावांत शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह हाच उत्तम पर्याय ठरतो. सर्वांनी खाली गोल बसावे. प्रमुख पाहुणा, हार आणि अध्यक्षाची खुर्ची यांपैकी काहीही ठेवू नये.

वेळ शेतीच्या कामावरून ठरवावी. वऱ्हाडात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना रात्री कोणाच्याही अंगात बसण्याचे त्राण उरत नाही. तेथे तूर घरात आल्यानंतरचे, म्हणजे फेब्रुवारीपासूनचे दिवस बरे. पूर्व विदर्भात मात्र हे गणित चालत नाही, कारण दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची, म्हणजे तेथील गावोगावच्या रंगभूमीची, नाटके रात्रभर रंगतात आणि त्यानंतर मोहफूल व तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. तिकडे भाताची रोवणी आटोपल्यानंतरचा भाद्रपद सोयीचा. स्त्रियांसाठी रात्रीच्या वेळेचा आग्रह धरू नये. बचत गटाच्या मासिक सभेला जोडून अर्धा तास वाचन ठेवले, तर ज्या बायका एरवी वाचनालयाच्या पायरीवर चढत नाहीत त्याही ऐकायला थांबतात.

पुस्तकांची निवड करताना सुरुवात कवितेने करावी. कविता एका बैठकीत पुरी होते आणि दोनदा-तीनदा वाचता येते. भिल्ल समाजातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता पहिल्या बैठकीसाठी मला सर्वांत योग्य वाटते. आमच्या नावाने उभारलेल्या मंचावर आम्हाला कोणी बोलावलेच नाही, आमचेच दुःख आम्हाला खाली बसवून सांगितले गेले, असा तिचा आशय आहे. बैठकीत कोणी कोणाच्या वतीने बोलू नये, हा नियम संयोजकाने समजावून सांगण्यापेक्षा या कवितेने तो अधिक नेमकेपणाने मनात उतरतो. पुढे आदिवासी कवी भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ आणि पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ या संग्रहांतील कविता घ्याव्यात.

गद्याकडे वळताना एक पुस्तक आपल्या भागातले आणि एक दूरचे, अशी जोडी लावावी. केवळ जवळचे वाचले, तर चर्चा लगेच ओळखीच्या माणसांवर येते; केवळ दूरचे वाचले, तर ‘तिकडे असे असेल’ म्हणून सगळे सुटतात. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शिकलेल्या, पण नोकरी नसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची ही कहाणी बुलढाण्याकडील मातीतली आहे. तिच्याबरोबर देविदास सौदागर यांची ‘उसवण’ वाचावी. २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत तयार कपड्यांपुढे हतबल झालेला शिंपी आहे, आणि तालुक्याच्या बाजारात शिलाई मशीन घेऊन बसलेला माणूस प्रत्येकाने पाहिलेला असतो. नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ आणि कोकणातील उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ या आत्मकथनांचीही जोडी लावता येईल. पहिल्यात दलित स्त्रीने संस्कृत शिकण्याची कथा आहे, दुसऱ्यात बांबूच्या वस्तू विणणारी आई आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ज्यांनी बुरडकाम जवळून पाहिले आहे, त्यांना त्या विणकामाचे वर्णन वेगळ्या बारकाईने ऐकू येईल.

प्रत्येक पुस्तकाआधी दोन-तीन मिनिटांची पार्श्वभूमी सांगावी, पण ती इतिहासाची असावी, लेखकाच्या जातीच्या वर्णनाची नसावी. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन घेताना, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ मध्ये रद्द झाला, एवढे तरी सर्वांना ठाऊक हवे. त्याशिवाय त्या पुस्तकातील पोलिसांची भीती एका कुटुंबाची भीती वाटते, आणि आपल्या तालुक्यातील पारधी बेड्याकडे, म्हणजे पारध्यांच्या वस्तीकडे, पाहण्याची जुनी नजर तशीच राहते. मुस्लिम लेखकांच्या मराठी लेखनाविषयी बोलताना, पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापूरला भरले होते, हे अवश्य सांगावे. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकांची स्वतःची परंपरा आहे, याची कल्पना अनेक वाचकांना नसते.

पुस्तक प्रकटपणे वाचावे, कारण अक्षरओळख कमी असलेली ज्येष्ठ मंडळी बैठकीत असतात आणि त्यांचे ऐकणे अतिशय तीक्ष्ण असते. वाचन वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा लांबवू नये. बोलीतील संवाद ती बोली घरात बोलणाऱ्यानेच वाचावेत. वऱ्हाडी, झाडी, गोंडी, कोरकू किंवा बंजाऱ्यांच्या गोरमाटी शब्दांची नक्कल करून हशा मिळवणाऱ्याला पुन्हा वाचायला देऊ नये. जातीवाचक शिवी पानावर आली, तर ती गाळू नये, पण तिच्यावर जोरही देऊ नये. लेखकाने ती का ठेवली, हे वाचन संपल्यावर विचारावे.

चर्चेत संयोजकाची खरी कसोटी लागते. ‘तुमच्यात असेच असते का?’ हा प्रश्न कोणी विचारला, तर तो तेथेच सौम्यपणे थांबवावा आणि पुस्तकातील एखाद्या ओळीकडे चर्चा परत न्यावी. बैठकीतील कोणालाही आपल्या समाजाची साक्ष द्यावी लागू नये. स्वतःहून कोणी बोलले, तर मात्र मध्ये न बोलता ऐकावे. नुसती हळहळ व्यक्त करणाऱ्यांनाही पुढे न्यावे लागते. त्यासाठी प्रश्न साहित्याचे असावेत : ही गोष्ट कोण सांगत आहे आणि कोणाला उद्देशून, कोणता प्रसंग विस्ताराने आला आणि कोणता एका वाक्यात उरकला, येथे प्रमाण मराठी सोडून लेखिका बोलीकडे का वळली, हसू कोठे आले. आत्मकथन लिहिणाऱ्याने काय भोगले एवढेच आपण विचारत राहिलो, तर त्याने ते किती कौशल्याने रचले हे पाहायचे राहून जाते, आणि हा त्या लेखकावर केलेला दुसरा अन्याय आहे.

पुस्तके मिळवणे त्या मानाने सोपे आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची असंख्य दुकाने लागतात. वाचनालयाची यादी घेऊन एक-दोघांनी तेथे जावे. साहित्य अकादमीची प्रकाशने कमी किमतीत मिळतात. एकच प्रत सर्वांत फिरवण्यापेक्षा निदान तीन घ्याव्यात, आणि पुस्तकाची पाने मोबाइलवर काढून गटात टाकू नयेत. लेखकाला आपल्या विक्रीतून मिळणारे थोडेसेही महत्त्वाचे असते.

काही महिन्यांनी लोक स्वतःचे आणू लागतात. बंजारा तांड्यावरची होळीची लेंगी गीते, गोंडी रेला गीत, आजीने पाठ केलेले भीमगीत, दंडार या लोकनाट्यातील एखादा प्रवेश, असे काहीही येऊ शकते, आणि त्याला छापील पुस्तकाइतकाच वेळ द्यावा. मूळ बोलीत आधी ऐकावे, अर्थ नंतर विचारावा. त्याची नोंद वहीत करताना सांगणाऱ्याचे नाव लिहावे की नाही हे त्यालाच विचारावे, आणि त्याच्या परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण करू नये. कोणी आपल्या घरातील गोष्ट लिहून आणली, तर ती त्याने स्वतः वाचावी. त्याला संकोच वाटत असेल, तर ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याच्याकडून वाचून घ्यावी, आणि तो कागद बैठक संपताच त्याच्या हाती परत द्यावा.