दोन दाढा, एकवीस दिवस

लाह्या खाताना न फुटलेला एक दाणा डाव्या दाढेखाली आला आणि दाढेचा एक कोपरा सुटून जिभेवर आला. एडिसनमधल्या घरी, सोफ्यावर, रविवारी रात्री. त्या दाढेत सांगलीला कॉलेजात असताना भरलेली चांदी होती. चांदी जागच्या जागी, भिंत मात्र गेली. शेजारच्या दाढेतही त्याच काळातली चांदी, आणि तिच्या कडेने आत कीड.

न्यू जर्सीतल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलीला ऑनले आणि दुसरीला इनले सांगितलं, म्हणजे बाहेर घडवून दाढेला चिकटवायचे तुकडे, त्यांतला फरक पुढे सांगते. ऑनलेचे १,४५० डॉलर, इनलेचे १,१५०. विमा होता, पण त्याची वर्षाची मर्यादा दीड हजार डॉलर, आणि त्यातले अकराशे आधीच एका रूट कॅनालमध्ये गेलेले. म्हणजे बावीसशे डॉलर माझ्या खिशातून. दिवाळीला पुण्याला जायची तिकिटं काढलेली होतीच. म्हटलं, तिकडेच करू. शेवटी पुण्यात सगळे मिळून २७,५०० रुपये झाले, म्हणजे सव्वातीनशे डॉलरच्या आत. पण हे लिहितेय ते पैसे वाचले म्हणून नव्हे. माझं काम गोदामातून ट्रक कधी सुटणार आणि माल कधी पोचणार हे जुळवण्याचं, आणि तरीही मी या कामाचे दिवस चुकीचे मोजले. तुम्ही चुकू नये म्हणून.

एक आधीच सांगते. फक्त दोन दाढांसाठी विमानाचं तिकीट काढू नका, त्यात काही वाचत नाही. घरी जाणारच असाल तर त्या सुट्टीत हे बसवा.

आधी काय करून घेणार ते नीट समजून घ्या. दाढेच्या माथ्यावर चार-पाच लहान डोंगर असतात आणि मधे दरी. दरीत बसतो तो इनले. डोंगरच ढासळला असेल तर त्याच्यासकट झाकतो तो ऑनले. आणि दात चहूबाजूंनी तासून वर टोपी घालतात ती कॅप. इनले आणि ऑनले दोन्ही तोंडाबाहेर, लॅबमध्ये घडतात आणि मग दाताला चिकटवतात. दात कमी तासावा लागतो, हा त्यांचा मोठा फायदा. ‘ताई, सरळ कॅपच करून टाकू’ असं कुणी एक्स-रे न बघता म्हणालं तर का, ते विचारा. कधी कधी कॅपच बरोबर असते, पण कारण तर ऐकू या.

निघायच्या महिनाभर आधी इथल्या दवाखान्यातून एक्स-रे मागून घ्या, दोन्ही जबड्यांच्या मागच्या दाढा एकत्र दिसतात ते. अमेरिकेत आपल्या नोंदींची प्रत मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. काउंटरवरच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या तरी मागा. ते एक्स-रे आणि फोनवर काढलेला दाढेचा एक फोटो पुण्याला पाठवा.

आता आकड्यांचा घोळ. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे सलग नंबर देतात. भारतात सहसा दोन आकड्यांची पद्धत असते: पहिला आकडा जबड्याचा भाग, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात. माझ्या दाढा अमेरिकेत १९ आणि १८, भारतात त्याच ३६ आणि ३७. मी उत्साहाने लिहून पाठवलं, ‘१९ ला ऑनले, १८ ला इनले.’ पुण्याच्या डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं, ‘१९ नंबर कुठला ते कळलं नाही. आणि १८ म्हणजे वरची उजवीकडची अक्कलदाढ, तिला इनले कशाला?’ फोनवर दोघी हसलो, पण मला घाम फुटला होता. तेव्हा नंबर लिहूच नका. ‘खालची, डावी, पहिली मोठी दाढ’ असं शब्दांत लिहा.

डॉक्टर निवडताना मी तीन गोष्टी बघितल्या. एक, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. दवाखान्यात तो भिंतीवर लावलेला असतो, आणि विचारला तर कुणी रागावत नाही. दोन, दात वाचवण्याच्या आणि रूट कॅनालच्या शाखेतलं किंवा कॅप-कवळीच्या शाखेतलं एमडीएस, म्हणजे बीडीएसनंतरची पुढची पदवी. साधे बीडीएसही हे काम छान करतात, पण मला धोका पत्करायला दिवसच नव्हते. तीन, चिकटवताना रबर डॅम लावता का? म्हणजे दाताभोवती रबराचा पातळ पडदा, ज्यामुळे लाळ आत येत नाही. चिकटवण्याच्या रेझिनला ओल चालत नाही. या एका प्रश्नाला जे उत्तर मिळतं, त्यावरून समोरचा माणूस किती जपून काम करतो ते कळतं. ‘लावतो, अवघड असलं तरी लावतो’ असं उत्तर आलं की पुढचं बोला.

कशाचा करायचा, यावर फार डोकं शिणवू नका, पण एक विचारून ठेवा. ई-मॅक्स नावाने मिळणारं काचेच्या जातीचं सिरॅमिक असतं. त्याची आतली बाजू आम्लाने खरखरीत करता येते, म्हणून ते दाताला घट्ट चिकटतं. झिर्कोनिया जास्त मजबूत, पण तसं आम्ल त्याच्यावर चालत नाही, चिकटवायची तऱ्हा वेगळी. माझ्या दोन्हींना ई-मॅक्स वापरलं. सोन्याचेही होतात आणि फार टिकतात म्हणे. आईने ते ऐकून ‘मग सोन्याचाच कर, अडीअडचणीला उपयोगी पडेल’ असं सुचवलं होतं.

काही दवाखान्यांत दाताचं कॅमेऱ्याने माप घेऊन तिथल्या तिथे मशीनवर तुकडा कोरून देतात. ही युक्ती झुरिच विद्यापीठात निघाली, १९८५ साली तिथे पहिल्या पेशंटला असा इनले बसवला. कोरताना ई-मॅक्सचा ठोकळा जांभळट निळा असतो, भट्टीतून निघाला की दाताच्या रंगाचा होतो. तुमच्याकडे दहाच दिवस असतील तर असा दवाखाना शोधा. मी लॅबवाला निवडला, कारण डॉक्टर ओळखीतून मिळाल्या होत्या.

आता दिवस. मी शनिवारी, ११ ऑक्टोबर २०२५ ला रात्री उतरले. सोमवारी तपासणी, नवा एक्स-रे, आणि थंड कापूस लावून नस जिवंत आहे का ते पाहणं. हे पाहणं टाळू देऊ नका. कीड नसेपर्यंत गेलेली निघाली तर आधी रूट कॅनाल, आणि मग तुमचं सगळं वेळापत्रक कोसळतं. म्हणून तपासणी उतरल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी हवी. आधी नातेवाईक, मग दात, असं केलंत तर दात राहतो. आणि वेळ सकाळची घ्या. साडेनऊ तासांच्या फरकात दुपारी तीनला मी खुर्चीत घोरले असते.

मंगळवारी भूल देऊन जुनी चांदी काढली, कीड साफ केली, दाढा आकारात आणल्या, माप घेतलं, रंग जुळवला आणि वर टेंपररी बसवली, म्हणजे खरा तुकडा येईपर्यंतचं तात्पुरतं झाकण. दोन्ही दाढा शेजारच्या म्हणून एका भुलीत काम झालं. दोन्ही बाजूंच्या दाढा करायच्या असतील तर एकाच दिवशी करू नका, खाणार कुठल्या बाजूने? भूल उतरायला तीन तास लागले. तोवर काही चावायचं नाही. चावलात तर ओठच चावाल, कळणारही नाही.

‘सहा दिवसांत लॅबमधून येतं’ असं सांगितलं होतं. चौदा अधिक सहा वीस, असा माझा हिशेब. पण २० ला नरकचतुर्दशी, २१ ला लक्ष्मीपूजन, मग पाडवा, मग भाऊबीज. लॅबमधली मुलं गावाला गेलेली. हे माझ्या लक्षात यायला नको होतं का? आमच्या गोदामात चिनी नववर्षाचे दिवस मी दोन महिने आधी लाल करून ठेवते. तेव्हा तारीख घेताना ‘लॅबला सुट्टी कधी?’ हे विचारा, दवाखान्याला नव्हे, लॅबला. गणपती, दिवाळी, मे महिना, सगळ्यांत हा प्रश्न येतो. माझी टेंपररी सहाऐवजी अकरा दिवस तोंडात राहिली.

राहिली म्हणजे, मधे पडली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, चकली. आईच्या चकल्या कडक असतात, आणि मी नेमकी डावीकडून चावली. टेंपररी जेवढी काळजी मागते तेवढी पुढचं कायमचं कामही मागत नाही. त्या बाजूने चिक्की, चकली, लाडू काही नाही. फ्लॉस केलंत तर धागा वर ओढून काढू नका, खाली सोडून कडेने सरकवून बाहेर घ्या, नाहीतर टेंपररी धाग्याबरोबर येते. आणि पडलीच तर तुकडा डबीत ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. तशीच राहू दिली तर शेजारचे दात सरकतात आणि नवा तुकडा बसायला अडतो. फेव्हिक्विक लावू नका. हे सांगावं लागतंय, कारण माझ्या भावाने ते आणून दिलं होतं.

आईने अर्थातच लवंगतेलाची बाटली काढली. दाढ शिवशिवत होती, आणि लवंगतेलाने ठणका कमी होतो हे खरंच आहे. पण त्यातलं युजेनॉल चिकटवण्याच्या रेझिनला घट्ट होऊ देत नाही. म्हणून अशा कामात टेंपररीसुद्धा युजेनॉल नसलेल्या सिमेंटने बसवतात. आईला मी एवढंच म्हटलं, ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय.’ ती म्हणाली, ‘डॉक्टरांना आईने लावलं नसेल कधी.’ बाटली परत कपाटात गेली. पाडव्याला सकाळी डॉक्टरांनी माझ्यासाठी अर्धा तास दवाखाना उघडला. मी त्यांच्यासाठी चकल्या घेऊन गेले.

शनिवारी, २५ ला दोन्ही तुकडे आले. आधी नुसते बसवून पाहतात: कडा मिळतात का, शेजारच्या दातांमधून धागा अडकत पण जातो का. इथे घाई करू देऊ नका, एकदा चिकटलं की काढायचं म्हणजे कापूनच. मग रबर डॅम, आम्ल, रेझिन, आणि रेझिन घट्ट करणारा निळा दिवा. शेवटी निळा कार्बन पेपर चावायला देतात. जिथे जास्त निळं उठतं तिथे उंच लागतंय, तिथे घासतात.

गंमत अशी की त्या वेळी तोंड बधिर असतं. ‘चावून बघा, ठीक आहे?’ ‘ठीक आहे.’ बधिर तोंडाला सगळंच ठीक असतं. रात्री भावाकडे भाकरी-पिठलं होतं, आणि दात मिटताना डावीकडे आधी टेकतंय असं वाटलं. केसभर. रविवारी म्हटलं, सवय होईल. सोमवारी सकाळी चहासुद्धा डाव्या बाजूला नको झाला. अशी सवय होत नाही. चावताना नेमकं एक टोक आधी टेकत असेल तर लगेच परत जा. दोन मिनिटं घासलं आणि संध्याकाळपर्यंत ठणका गेला. थंड पाण्याने थोडी शिवशिव आणखी दोन आठवडे होती, पण ती रोज कमी होत गेली. वाढत जाणारी, रात्री झोपेतून उठवणारी कळ वेगळी, तिच्यासाठी डॉक्टरांना गाठायलाच हवं.

आता कळलं ना, परतीच्या आधी दिवस मोकळे का हवेत? माझं विमान १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे चिकटवल्यावर सात दिवस. पाच तरी ठेवाच. त्या दिवसांत मुद्दाम भाकरी, पेरू, फुटाणे खाऊन बघा. मऊ भात खाऊन विमानात बसलात तर उंच टोक न्यू जर्सीत सापडेल, आणि तिथे ते घासायचे पैसे वेगळे. विमानाची म्हणाल तर अशा कामानंतर उडायला हरकत नसते. आधीच नस दुखावलेल्या दाताला मात्र हवेचा दाब बदलला की ठणका लागू शकतो. हेही ते आधीचे पाच दिवसच सांगतील.

दात रात्री करकरा खाण्याची सवय असेल तर रात्री घालायची पट्टीही तिथेच करून घ्या. मी नाही केली. नवरा म्हणतो करायला हवी होती.

निघताना वॉरंटी कार्ड देतात. ठेवा, पण साडेबारा हजार किलोमीटरवरून त्याचा उपयोग काय? त्यापेक्षा छापील बिल मागा, इंग्रजीत: तारीख, कोणती दाढ (शब्दांत), इनले की ऑनले, कोणतं सिरॅमिक, कोणतं सिमेंट, आणि चिकटवल्यानंतरचा एक्स-रे. बिल विमा कंपनीला पाठवायचं असेल तर परदेशातल्या उपचाराचे पैसे देता का, हे निघण्याआधी लेखी विचारा. माझ्या कंपनीने दिले नाहीत. मी परत आल्यावर विचारलं होतं.

जानेवारीत इथे दात साफ करायला गेले तेव्हा तो कागद पुढे केला. हायजिनिस्टने आरशाने बघितलं, म्हणाली छान बसलेत, आणि कॉम्प्युटरवर नोंद करायला वळली. मी खुर्चीतून मान वळवून पडद्याकडे पाहिलं. १९, ऑनले. १८, इनले. मग मनातल्या मनात ३६ आणि ३७ पुन्हा एकदा जुळवून घेतले आणि मान टेकवली.