ईमेलच्या शब्दकोशात मराठी शब्द भरताना

कार्यालयाच्या तांत्रिक साहाय्य विभागात नव्याने रुजू होणाऱ्याकडे एक तक्रार हमखास येते: थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये मराठी शब्दकोश बसवला आहे, तरी पत्रातील अचूक शब्दांखालीही लाल नागमोडी रेघ उमटते. अशा वेळी शब्दावर उजवी क्लिक करून तो शब्दकोशात घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इंग्रजी पत्रव्यवहाराला तो बहुतेक पुरतो. मराठीत मात्र त्याने तक्रारी थांबत नाहीत.

असा घातलेला शब्द प्रोफाइल फोल्डरमधील ‘पर्सडिक्ट.डॅट’ या साध्या मजकूर-फाइलमध्ये जातो. एका ओळीवर एक शब्द, एवढीच तिची रचना. तिच्यात ‘अंबाजोगाई’ असले, तरी ‘अंबाजोगाईला’, ‘अंबाजोगाईहून’, ‘अंबाजोगाईतल्या’ ही रूपे तिला परकीच राहतात, कारण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आपण शब्दाला जोडूनच लिहितो. त्यामुळे नेहमी लागणाऱ्या गावांची व खात्यांची नावे मी प्रत्ययांसह तक्त्यात तयार करून घेतो आणि थंडरबर्ड पूर्ण बंद केल्यावर या फाइलमध्ये एकदम चिकटवतो. जतन करताना यूटीएफ-८ हे अक्षरांचे सांकेतन कायम राहील, एवढे पाहावे लागते. विशेषनामांचे काम एवढ्यावर भागते.

सामान्य नामांसाठी मात्र हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मूळ कोशातच हात घालावा लागतो. थंडरबर्डमधील तपासणी हनस्पेल करते. लास्लो नेमेथ यांनी ते मुळात हंगेरियनसाठी रचले, आणि हंगेरियनमध्येही शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लागत असल्याने त्याची घडण मराठीला सोयीची पडते. त्याच्या ‘डिक’ फाइलमध्ये शब्द आणि तिरक्या रेघेनंतर एक खूण असते, तर त्या खुणेचा नियम ‘अफ’ फाइलमध्ये असतो. ‘फूल’चे ‘फुलाला’ होताना दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून शेवटचे ‘ूल’ काढून त्या जागी ‘ुलाला’ ठेवावे, असा नियम लिहायचा. हीच खूण ‘मूल’ या शब्दाला चालते, पण ‘चूल’ला चालत नाही, कारण तिचे ‘चुलीला’ होते. शेवट सारखा दिसला म्हणून खूण सारखी देऊ नये, आधी लिंग पाहावे. बदललेला कोश स्वतंत्र ओळख देऊन ॲड-ऑन म्हणून बांधावा, नाहीतर मूळ कोशाची नवी आवृत्ती आली की आपले सारे नियम पुसले जातात.

एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कळफलकांवर ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने बनतो, तर काहींवर ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ‘अफ’ फाइलमधील ‘आयकॉन्व्ह’ या सूचनेने एक रूप दुसऱ्यात बदलून घेता येते, आणि मग कोशात एकच रूप ठेवले तरी चालते.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी मला त्यातील वगळणीची सोय शब्द वाढवण्यापेक्षा अधिक मोलाची वाटते. ‘यूप्रूफ’ फोल्डरमध्ये प्रत्येक भाषेची वेगळी वगळणी-फाइल असते आणि तिच्यात लिहिलेला शब्द मुख्य कोशात असला तरी चुकीचा ठरवला जातो. ‘महाराष्ट्र दीन’ असे निमंत्रण गेले, तर कोणतीही तपासणी ते अडवत नाही, कारण ‘दीन’ हाही शुद्धच शब्द आहे. कार्यालयीन पत्रात त्याची गरज क्वचितच पडते, तेव्हा तो वगळणीत टाकावा. ‘दीनानाथ’ नावाच्या सहकाऱ्यांना त्याचा त्रास होत नाही, कारण पूर्ण शब्दच ताडून पाहिला जातो. मात्र त्याच कारणाने ‘दीनाच्या’ आणि ‘दीनानिमित्त’ हे वेगवेगळ्या ओळींवर लिहावे लागतात.