सेवार्थ सायकलफेरीचा खर्च मी कसा उभा केला

इंदूरहून जाम घाटमार्गे महेश्वरला जाणाऱ्या आमच्या सायकलफेरीत सहभागी होण्यासाठी रुग्णसेवेच्या संस्थेकरिता ठरावीक देणगी गोळा करणे आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवणे, अशा दोन अटी होत्या. नातलगांसमोर मी हे हिशेब प्रथमपासूनच वेगळे मांडले. कारण आपले पैसे रुग्णांसाठी जातात की माझ्या टायरट्यूबसाठी, हा प्रश्न देणाऱ्याच्या मनात येतोच, आणि तो रास्तही आहे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात धनादेशाने किंवा यूपीआयने भरण्याची विनंती केली, कारण तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०-जीनुसार २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नव्हती. शिवाय नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ही वजावट मुळातच नाही, हेही आधीच सांगितले.

सहभागशुल्कासाठी गणेशोत्सवात मंडळाच्या परवानगीने आईच्या हातची चकली आणि चिवडा विकला (इंदूरकरांना शेव विकण्याचे धाडस कोण करणार!). गियरची सायकल मावसभावाकडून उसनी मिळाली. घाटाच्या उतारासाठी नवे ब्रेकपॅड मात्र आवश्यक होते. तो खर्च कार्यालयातील सहकाऱ्यांनी वाढदिवसाच्या भेटीऐवजी उचलला.