वीजबिलाचा हिशेब कॅलेंडरवर

गेल्या हिवाळ्यात सलग दोन महिने आमचं वीजबिल ३४० युनिटच्या वर गेलं. घरखर्चाच्या वहीत किराणा, दूध, फी सगळं बसायचं, विजेपाशी गाडी अडायची.

मग दर रविवारी सकाळी मीटरचा आकडा कालनिर्णयवर लिहायला लागले. मीटरच्या स्क्रीनवर आकडे फिरत असतात, त्यातला केडब्ल्यूएच (म्हणजेच युनिट) लिहिलेलाच घ्यायचा. पहिल्या आठवड्यात मी व्होल्टेज टिपून ठेवला होता, २३८! ह्यांना अजून हसू येतं.

३०० युनिटच्या वर दर चढतो, म्हणून तेवढ्यात बसायचं ठरवलं. महिन्याला ३०० म्हणजे दिवसाला १०. आम्ही साडेअकराला होतो. एका सकाळी आंघोळींच्या आधी आणि नंतर आकडा पाहिला, तर सरळ तीन युनिट! गिझर २००० वॅटचा, म्हणजे अर्धा तास तापला की एक युनिट. सासूबाई पाचला लावायच्या आणि मुलं निघेपर्यंत तो तसाच. आता आंघोळी पाठोपाठ उरकतो आणि शेवटचा माणूस बटण बंद करतो. थोडी कुरकुर झाली. सेटटॉप बॉक्सही रात्री भिंतीवरून बंद. दहा वॅट धरले तरी दिवसरात्र चालू राहिला तर महिन्याचे सात युनिट होतात.

एक गैरसमज मात्र माझाही होता. ३०० ओलांडले की सगळ्याच युनिटना चढा दर लागत नाही, फक्त वरच्यांना लागतो. पण तेच महाग पडतात.

फेब्रुवारीत २८१ आले. एप्रिलचं काय ते कूलर काढल्यावर बघू.